हळदीच्या काट्यावर

"चढ," आण्णा म्हणाले.

मी चपला काढून काट्यावर चढलो. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीची पोती तोलायचा काटा तो. फळीवर पिवळी धूळ कायमची बसलेली, तिच्यात माझे पाय उमटायचे. रविवार, म्हणून सौदे बंद होते. तरी ट्रक भरायला हमाल आलेले होते, ते पोत्यांना टेकून बिड्या ओढत माझ्याकडं बघत होते. आण्णांनी दांडीवरचं माप गेल्या रविवारच्या जागेवर आणलं. दांडी उचललीच नाही. मग त्यांनी बोटानं माप मागं सारलं, अजून सारलं, आणखी थोडं सारलं, तेव्हा कुठं दांडी वर येऊन डुलायला लागली.

"उतरलं," इलाहीचाचा म्हणाला. हमालांतला तो सगळ्यात जुना. "लई उतरलं की ओ नेमूआण्णा."

मी खाली उतरलो तेव्हा आण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि यार्डाच्या फाटकापर्यंत तो तसाच राहू दिला. मी नववीत होतो. रागात घातलेले धपाटे सोडले तर आण्णांचा हात माझ्या पाठीवर कधी पडल्याचं मला आठवत नव्हतं. फाटक यायला नको, असं वाटत होतं.

आमचे आण्णा म्हणजे नेमगोंडा मगदूम, यार्डातले तोलाईदार. शेतकऱ्याची हळद आणि व्यापाऱ्याचा पैसा यांच्या मधे उभा राहणारा माणूस. अंगानं काटकुळे, आवाज बारीक, पण आण्णांनी वजन सांगितलं की दोन्ही बाजू माना हलवायच्या. आणि असल्या माणसाच्या पोटी मी, सन्मती, गल्लीत पोतं म्हणून ओळखला जाणारा. शाळेत बाकावर माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, कारण जागाच उरायची नाही. त्याचं मला फार वाईट वाटायचं असंही नाही. पोरं चिडवायची, मी चिडायचो, मग सगळे मिळून चिंचा पाडायला जायचो. वाईट वाटायचं ते आण्णांचं. यार्डात कुणी विचारलं, हा कोण, तर म्हणायचे, "घरचाच हाय." माझा पोरगा, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते त्याच वर्षी श्रावणात. निपाणीला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. मांडवात मी लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसलो आणि खुर्चीचे पाय फाकले. मी खाली, हातातली बुंदी अंगावर. लोक हसले. हसणारच, मीही दुसऱ्या कुणाला हसलो असतो. आण्णा चार व्यापाऱ्यांबरोबर उभे होते. त्यांनी मान फिरवली आणि बोलणं पुढं चालू ठेवलं. परत येताना एसटीत आईच्या शेजारी मी बसलो आणि आण्णा पार मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी माझं पांघरूण ओढलं. "ऊठ. पळायचं."

हरिपूरच्या रस्त्यानं मी पुढं पळायचो आणि आण्णा मागून सायकलवर. शिवी नाही, मार नाही. फक्त "पळ" एवढंच. मी थांबलो की सायकल थांबायची, आणि पाठीमागून ती शांतता अंगावर यायची, तिच्यापेक्षा पळणं परवडायचं. आल्यावर जोर, बैठका. संध्याकाळी आमच्यात तसंही दिवसाउजेडीच जेवण उरकायचं, आम्ही जैन. त्यात आण्णांनी माझी भाकरी अर्ध्यावर आणली. आणि दर रविवारी काटा.

दोन महिने झाले तरी दांडी जागची हलेना. आण्णांचा आईवर संशय.

"तू त्याला चोरून घालतीयास."

"एवढं पळतंय लेकरू, भूक लागत नसंल व्हय त्याला?" आई म्हणायची. "अंगलट हाय त्याची तसली. माझ्या बापाची होती."

"अंगलट बिंगलट काय नसतंय. ओली हळद जड असती, तिला कोण इचारत नाही. उनात वाळली, हलकी झाली, की भाव येतो. माणसाचंबी तेच."

आण्णांना जगातली एकच गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती ही होती. ते माझा दुस्वास करत नव्हते, हे मला आज कळतं. त्यांना मला भाव यायला हवा होता.

दिवाळीनंतर मात्र चमत्कार झाल्यासारखं वजन उतरायला लागलं. आधी थोडं, मग दर रविवारी भराभर. चड्डी कंबरेवर थांबेना, म्हणून आईनं नाडी घातली. भूक अशी लागायची की अर्धी भाकरी संपवून मी आईच्या ताटातली उचलायचो. आण्णांनी पाहिलं, मला वाटलं आता ओरडतील. ते नुसते हसले.

"खाऊ दे. खाऊनबी उतरतंय, म्हंजी व्यायाम लागू पडला."

तहानही तशीच. शाळेतून आलो की अख्खा तांब्या घशात. आई सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि मी रात्रभर उठून कळशीला तोंड लावायचो आणि परसात पळायचो. वर्गात दर तासाला करंगळी वर. सर म्हणाले, मगदूम, तुला नळच बसवून देतो. मी हे आण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पाणी पितोयास ते चांगलं हाय. चरबी धुऊन निघती." मी आणखी पाणी प्यायला लागलो. आण्णा जे जे चांगलं म्हणत होते ते सगळं माझ्याकडून आपोआप होत होतं, आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पळणं मात्र जमेना. पायांत गोळे यायचे, डोळ्यांसमोर रस्ता पांढरा व्हायचा. जाडा होतो तेव्हा मी जितका पळायचो तितकंही आता पळवत नव्हतं. आण्णा सायकलवरून उतरून माझ्याबरोबर चालायला लागले. "अंग मोडून नवं होतंय," ते म्हणायचे, "दमानं घे." परत येताना ते सायकल हातात धरून माझ्याशी गप्पा मारायचे. त्यांच्या वडिलांच्या, यार्डाच्या, कुठल्या शेटनं कुणाला कसं फसवलं त्याच्या. ते पंधरा-वीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे मी आजही तसंच सांगतो, बायकोला पटत नाही तरी.

यार्डात ते मला हाताला धरून फिरवायला लागले. चहाच्या गाड्यावर नेऊन सगळ्यांना सांगायचे, "हा माझा पोरगा." चहात मी चार चमचे साखर घालून घ्यायचो आणि ते घालू द्यायचे.

एके दिवशी यार्डातले बडे अडते रतिलाल शेट आपल्या गादीवरून म्हणाले, "नेमूआण्णा, औंदा नव्या हळदीच्या मुहूर्ताला तुमच्या पोराच्या हातनं नारळ फोडू. यार्डाला दावू की माणूस मनावर घेतलं तर काय करतो."

नव्या हळदीचा मुहूर्त म्हणजे यार्डाचा सण. काट्याची पूजा व्हायची, पहिल्या पोत्याला हार घालायचे, नारळ फोडायचा आणि मग वर्षाचा पहिला सौदा. नारळाचा मान कुणा मोठ्या माणसाचा असायचा. आण्णांना एवढ्या वर्षांत तो कधी मिळाला नव्हता. घरात आल्यावर ते आईला म्हणाले, "ह्याला पांढरा सदरा शिव."

मापाला शिंप्याकडं नेलं तेव्हा आईला रडू कोसळलं. शिंपी टेप धरून उभा, आणि ही पदर तोंडाला लावून.

रात्री मी ऐकलं, ती आण्णांना म्हणत होती, "त्याच्या तोंडाकडं बघा की ओ. डोळं कसलं आत गेल्यात. दाखवू या एकदा डॉक्टरला."

"पोरगं जरा वाळलं की आयांना रडूच येतंय," आण्णा म्हणाले. "आत्ता कुठं ते माणसात आलंय. नजर लावू नको."

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी निपाणीची आत्या आली. कुसुमआत्या, आण्णांची थोरली बहीण. साखरपुड्यानंतर तिनं मला पाहिलंच नव्हतं. दारात पिशवी ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि आईला विचारलं, "ह्यो कोण गं?"

"सन्मती नव्हं का," आई म्हणाली.

आत्यानं मला जवळ ओढून माझे दंड चाचपले, गालफडं धरली, जीभ काढायला लावली. "नेमू, ह्याला काय झालंय?"

"व्यायाम," आण्णा म्हणाले. अभिमान त्यांच्या आवाजात मावत नव्हता. "रोज हरिपूरपतोर. इचार त्यालाच."

"व्यायामानं पोराचं गाल बसत न्हाईत. आजच्या आज दवाखान्यात ने."

"उद्या मुहूर्त हाय आक्का. सगळ्या यार्डापुढं नारळ फोडायचाय त्यानं. परवा नेतो, आईशप्पत नेतो."

आत्या भांडली. आईही पहिल्यांदा तोंड वर करून भांडली. शेवटी आण्णा माझ्याकडं वळले. "तूच सांग. काय होतंय तुला?"

पोटात सकाळपासून पिळवटत होतं. तोंडाला कोरड, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं. मी आण्णांच्या तोंडाकडं बघितलं.

"काय न्हाई," मी म्हटलं. "बरा हाय मी."

सकाळी मला दोनदा उलटी झाली. आई म्हणाली, कुठं जायचं नाही, झोप. मी पांढरा सदरा घालून दारात जाऊन उभा राहिलो. आण्णांनी मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवलं, लहान पोराला बसवतात तसं. आधी मी तिथं कधी मावलोच नसतो. त्यांची हनुवटी माझ्या डोक्याला लागत होती. वाटेत ते म्हणाले, "तोंडाला कसला वास येतोय रे तुझ्या? पिकल्या फळासारखा." आणि लगेच, "पेरू खाल्लास व्हय?" मी हो म्हटलं.

यार्ड माणसांनी फुललं होतं. शेतकरी, व्यापारी, हमाल, बँडसुद्धा. काट्याला झेंडूच्या माळा घातलेल्या. भटजी मंत्र म्हणत होते आणि मला ते कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखे ऐकू येत होते. श्वास आपला आपण जोरजोरात चालला होता, मी काही करत नसतानाही पळून आल्यासारखा. कुणी तरी हातात पेढा ठेवला, तो मी खाल्ला. मग नारळ दिला. पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यात फुटला की नाही ते मला माहीत नाही, पण बँड वाजायला लागला.

रतिलाल शेट हसत पुढं आले. "थांबा, थांबा. औंदा पहिलं पोतं नंतर. आधी नेमूआण्णांच्या पोराला तोला. बघू द्या यार्डाला."

लोकांना ते पसंत पडलं. कुणीतरी शिट्टी मारली. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी चपला काढायला वाकलो आणि तोल गेला. त्यांनीच मला धरून वर चढवलं.

त्यांनी माप सरकवलं. मागं, आणखी मागं. दांडी दिसतच नव्हती मला, नुसतं पिवळं काहीतरी हलत होतं. मग आण्णांनी वजन सांगितलं, पोत्याचं सांगायचे तसंच, लांब हेल काढून, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शे-दोनशे माणसं असतील, सगळी टाळ्या वाजवत होती. मी हात वर करायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात पायाखालची फळी निसटली.

टाळ्या काही वेळ चालूच होत्या म्हणे, कारण मागच्यांना वाटलं मी पाया पडायला वाकलो. इलाहीचाचानं मला उचललं. माझं भान अजून थोडं होतं, त्याच्या खांद्याचं गोणपाट गालाला टोचलेलं मला आठवतं. सगळा जन्म पोती उचलण्यात गेलेला तो माणूस मला घेऊन टेम्पोकडं पळत होता आणि ओरडत होता, "अवो, काय बी न्हाई ओ ह्याच्यात. आण्णा, पोरात काय बी राहिलं न्हाई ओ."

शुद्धीवर आलो तेव्हा हाताला सलाईन होती. किती दिवस गेले होते ते मी विचारलं नाही. खाटेच्या एका बाजूला आई होती आणि भिंतीला टेकून आण्णा. दाढी वाढलेली, अंगात मुहूर्ताच्या दिवशीचेच कपडे. मी डोळे किलकिले करून पुन्हा मिटले. बोलायची ताकद नव्हती. त्यांना वाटलं झोपलोय.

डॉक्टरीणबाई त्यांना समजावून सांगत होत्या. तरुण होत्या, आवाजात घाई नव्हती.

"मधुमेह आहे. मुलांना होतो तो. शरीरात साखर पचवणारा जो रस तयार होतो तो ह्याचा बंद पडलाय. कुणाच्या चुकीनं झालेलं नाही हे, गोड खाण्यानंही नाही. आता बाहेरून तो रस द्यायचा. रोज, सुईनं, जन्मभर. पण दिला तर पोरगा नीट जगेल, शिकेल, लग्न करेल, सगळं करेल."

आई रडत होती, पण मधे मधे "हो, हो" म्हणत होती.

"मंग त्यो वाळत कशानं होता?" आण्णांनी विचारलं.

"रस नसला की खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर लघवीवाटे निघून जाते आणि शरीर स्वतःलाच खायला लागतं."

"म्हंजी पळून न्हाई?"

"नाही हो. पळून एवढं कसं उतरेल?"

बाहेर कुठं तरी भांडी पडल्याचा आवाज झाला. बाईंना वाटलं असावं, माणूस खचलाय, म्हणून त्यांनी धीर द्यायला म्हटलं, "काळजी करू नका. आता औषध सुरू झालंय ना, गेलेलं वजन सगळं भरून येईल. महिन्या-दोन महिन्यांत बघा, अंग कसं पहिल्यासारखं होतं ते."

"होऊ दे बाई माझं सोनं पहिल्यासारखं," आई म्हणाली.

"सगळं येईल?" आण्णांनी विचारलं.

"सगळं."

"न्हाई, म्हंजी," आण्णा अडखळले. मग अगदी खालच्या आवाजात, बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागलं इतक्या खालच्या आवाजात, ते म्हणाले, "थोडं कमी येईल असं काय करता येतंय का?"

आईचं रडणं थांबलं. मी डोळे मिटून पडलो होतो. बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. आण्णांच्या चपला दाराकडं गेल्या, थांबल्या, परत खाटेपाशी आल्या. त्यांचा हात माझ्या कपाळावर आला. गार होता. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं, ह्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. त्यामुळंच ते सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई चहा आणायला गेली होती आणि आण्णा यार्डात. बाई सुई द्यायला आल्या. पोटाची कातडी चिमटीत धरून कशी टोचायची ते मला शिकवत होत्या, कारण पुढं माझं मलाच करायचं होतं. मी लक्ष देऊन बघत होतो. हुशार आहेस, त्या म्हणाल्या.

"बाई," मी विचारलं, "ही एक दिवसाआड घेतली तर चालंल का?"

त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. "अजिबात नाही. एक दिवससुद्धा चुकवायची नाही, जिवावर बेतेल. कळलं?"

मी मान हलवली.

त्यांचा चेहरा निवळला. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "का रे, फार दुखते का सुई?"

"न्हाई," मी म्हटलं. "सुई न्हाई दुखत."